क्षारपड रानातली रोजी

वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मध्ये आमचं पेठ वडगाव. आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतली माणसं इथे लोटतात. मासळीच्या पाट्यांत रोहू-कटला दिसतात. हे मासे समुद्रातले नव्हेत, गोड्या पाण्यातले. मासळी म्हणजे कोकण, हा समज इथेच मोडतो.

हातकणंगले ओलांडून शिरोळकडे निघालं की हिरव्या उसात मध्येच पांढरे पट्टे दिसतात. वर्षानुवर्षं बेसुमार पाणी दिल्याने क्षार वर आले आणि रान क्षारपड झालं. मुलं म्हणतात, विकून टाकू. पण ही काळी चिकण माती पाणी धरून ठेवते आणि थोडा खारेपणा रोहू-कटला सोसतात. हरियाणात रोहतकला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या केंद्राने खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवून दाखवली आहे. अशा पाण्यात पोटॅशियम कमी पडतं, ते घालावं लागतं. म्हणून आधी माती-पाण्याची तपासणी, मगच खोदाई. (कोळंबीबाबत हनफी उलेमांत मतभेद आहेत, आपल्या आलिमांना विचारावं.)

एकाच तळ्यात कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. बोटुकली सोडल्यावर साधारण वर्षभरात मासा किलोच्या घरात जातो. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर लगेच हवा देणारं यंत्र लावावं लागतं. फजरला न उठणाऱ्याचं हे काम नव्हे.

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर बीज केंद्रं, खाद्य कंपन्या, शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग अशा वाटा खुल्या होतात. मुलींनीही हा विचार करावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारून घ्यावेत.

सूरह फातिरमध्ये गोड आणि खारट अशा दोन्ही पाण्यांचा उल्लेख आहे आणि दोन्हींतून ताजं मांस मिळतं, असं अल्लाहने सांगितलं आहे. खारट झालं म्हणून पाणी वाया गेलं, असं नाही. रान विकायचा कागद करण्याआधी बाटलीभर पाणी आणि पिशवीभर माती तपासायला द्या. रोजी देणारा अल्लाह आहे. तिचा शोध घेणं आपल्याकडे आहे.