यादीतील ओळ आणि कपाटातील पोथी

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे तिचे उद्दिष्ट. यांतील अनेक पोथ्या वाचकाला प्रथम भेटतील त्या मोबाइलच्या पडद्यावरील सरकत्या यादीत. ती यादी कशी बांधावी, याचा धडा तंजावरच्या सरस्वती महालात आधीच गिरवला गेला आहे.

दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798–1832) वाढवलेल्या या संग्रहात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ग्रंथ आहेत. मोडी कागदांचे रुमालही आहेत. आर्थर बर्नेल यांची संस्कृत पोथ्यांची सूची 1880 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे 1928 पासून पी. पी. एस. शास्त्री यांची सविस्तर सूची निघू लागली. पोथ्यांना नवे अनुक्रम मिळाले, पण बर्नेल यांचा जुना क्रमांकही शेजारी नोंदवला गेला. ओळ बदलली, पोथीची ओळख टिकली.

आयफोनवरील ‘टेबल व्ह्यू’ला स्वतःला पोथ्यांविषयी काहीच ठाऊक नसते. ओळी किती आणि अमुक ओळीत काय, हे तो ‘डेटा सोर्स’ला विचारतो. ओळीची उंची किती, हे ‘डेलिगेट’ला विचारतो, वाचकाने ओळीला स्पर्श केला, तर तेही त्यालाच कळवतो. एक सूचिकार, दुसरा पोथी काढून देणारा सेवक. दोन्ही कामे एकाच क्लासकडे सोपवली तरी अ‍ॅप चालते. नवशिके बहुधा तसेच करतात.

अडचण पुढे येते. वाचक ‘वैद्यक’ हा विषय निवडतो, निवडक यादी पडद्यावर येते. तो सातव्या ओळीला स्पर्श करतो. डेलिगेटने संपूर्ण यादीची स्वतःची प्रत बाळगली असेल, तर तो तिच्यातली सातवी नोंद उघडतो. मागितले वैद्यक, हाती आले नाटक. अ‍ॅप बंद पडत नाही, इशाराही मिळत नाही. ती लिपी न येणारा विद्यार्थी तोच क्रमांक निःशंकपणे प्रबंधात उतरवतो. बंद पडणारे अ‍ॅप यापेक्षा पुष्कळ बरे!

म्हणून डेलिगेटने स्वतःची यादी बाळगू नये. या ओळीत कोण आहे, हे डेटा सोर्सलाच विचारावे. 2019 मध्ये आयओएस 13 सोबत आलेला ‘डिफेबल डेटा सोर्स’ तर ओळीच्या क्रमाऐवजी नोंदीची स्थिर ओळखच वापरतो. शास्त्रींच्या सूचीतील जुन्या क्रमांकाचे काम याहून फारसे निराळे नव्हते.

वेगळा ठेवलेला डेटा सोर्स पडद्याविनाही तपासता येतो: विषय निवडावा, सातवी ओळ मागावी आणि आलेला क्रमांक कपाटातील पोथीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.