भिंत उघडल्यावर निघेल ते

घरदुरुस्तीच्या ठेकेदाराची हत्यारं एका छोट्या टेम्पोत मावतात. ब्रेकर, कटर, ओळंबे, थाप्या, घमेली, रंग्यांची घोडी. किनवटहून नांदेडला धंदा हलवला तेव्हा टेम्पोत वर जागाही उरली होती. मागं राहिली ती पत. किनवटला हार्डवेअरच्या दुकानात माझं नाव सांगितलं की पोरगा सिमेंटची गोणी उचलायचा. पैसे गिऱ्हाइकाचा कापूस विकल्यावर. नांदेडचा दुकानदार म्हणाला, "भाऊ, आधी रोख, मग ओळख." त्याचं काही चुकलं नाही. मीही नव्या बिगाऱ्याला पहिल्याच दिवशी उचल देत नाही.

पत हळूहळू जमते. भिंती मात्र नव्यानं शिकाव्या लागल्या.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. माझा सुतार अजून लाकडाला शिव्या देतो त्या तेलुगूत. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे सागवानी खांब, तुळया आणि वर कौलं. ते उकलता येतं. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, बाहेरचा फिकट भाग मात्र ती सोडत नाही. म्हणून तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी उघडायचं, मग भावाचं बोलायचं.

नांदेडला इतवाऱ्याकडची जुनी घरं चुन्यातली. मालकानं कधीतरी हौसेनं सिमेंटचा गिलावा चढवलेला, त्यावर टाइल्स. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडून वाळायची, ती आता आत कोंडते आणि टाइल्सच्या वर पोपडे धरते. इलाज एकच: सिमेंट खरवडून पुन्हा चुना. पण चुना घाई मानत नाही, आणि मालकाला लग्नाआधी हॉल पाहिजे असतो.

तरोड्याकडची घरं नवी, आरसीसीची. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि जिथं पाया उथळ तिथं खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पुट्टी भरली तर पुढच्या मे महिन्यात ती परत हजर. मी भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी पट्टी लावतो, तीवर तारीख लिहितो आणि निघतो. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. लोक म्हणतात, मिस्त्री काम करायचं सोडून भिंतीला पंचांग चिकटवून गेला.

माझे उस्ताद लातूरकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांनी तिकडं घरं सावरण्याची कामं केली होती. तिथं माणसं दबली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या मातीखाली. गळायला लागलं की पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. वजन कोणी मोजलंच नाही. उस्ताद दुरुस्तीला हात घालायच्या आधी छतावरची माती उतरवायला लावत. नांदेडला माळवद उरलं नाही फारसं, हौस तीच आहे. खालच्या भिंती न पाहता वर एक खोली, तीवर पाण्याची टाकी. मी नाही म्हणतो. "किनवटचा माणूस आम्हाला शिकवायला आला," हे ऐकून घेतो. दुसरा ठेकेदार ती खोली चढवतो, हेही खरं.

अंदाजपत्रकात आता शेवटी एक ओळ असते: भिंत उघडल्यावर निघेल ते वेगळं. किनवटला ती कधी लिहावी लागली नाही. तिथं भिंत मालकाच्या आज्यानं बांधलेली. आत काय आहे ते त्याला माझ्याआधी ठाऊक. इथं घर तिसऱ्या हातानं घेतलेलं, नळाची लाइन कुठून गेली तेही कुणाला माहीत नसतं. घासाघीस नेमकी या ओळीवर होते. फरशीच्या, रंगाच्या, मजुरीच्या दरात मी थोडंफार उतरतो. ही ओळ खोडत नाही.