विमान जाऊ दे, मग सांगतो

आमच्या घरी जेवताना एक नियम आहे. डोक्यावरून विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं. मरोळमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा. बाबा हात वर करून थांबतात, विमान जातं, तोवर काय सांगत होतो तेच ते विसरतात. मग मुकाट्याने वरणभात.

जानेवारी २०१६मध्ये जुहूला पस्तीसेक फुटांचा मेलेला ब्राइड्स देवमासा वाहून आला. अर्ध्या अंधेरीसारखा मीही बघायला गेलो. (फोटोही काढला, खोटं कशाला बोलू?) एवढा अवाढव्य जीव आपल्या शेजारी राहतो, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. मग देवमाशांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि फिरून आमच्याच जेवणाच्या टेबलापाशी येऊन पोचलो!

पाण्यात खाली गेलं की उजेड लवकरच संपतो. आवाज मात्र सेकंदाला दीड किलोमीटर पळतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. म्हणून देवमाशाचा सगळा कारभार कानांवर. आणि मोठ्या जहाजांची घरघर नेमकी निळ्या देवमाशाच्याच पट्टीतली. हा काही लांबचा पाहुणा नाही हं, २०१५मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात तो दिसला होता. कॅलिफोर्नियाजवळ शास्त्रज्ञांनी निळ्या देवमाशांच्या पाठीला यंत्रं चिकटवली आणि नौदलाच्या सोनारसारखा आवाज सोडला. २०१३मध्ये निष्कर्ष छापून आले. खोल बुड्या मारून क्रिल खाणाऱ्या एकाने खाणंच थांबवलं आणि तो तिथून निघून गेला. तासभर उपाशी. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने टनभर क्रिल हुकलं. भरल्या ताटावरून उठणं, दुसरं काय?

क्युव्हिए जातीचे चोचवाले देवमासे तर बुडीतले उस्ताद. एकाची २,९९२ मीटर खोल बुडी नोंदलेली आहे, दुसऱ्या एकाची तब्बल ३ तास ४२ मिनिटांची. पण आवाजाला तेच सगळ्यात हळवे. सोनार ऐकला की त्यांच्या बुडीचं गणितच बिघडतं. सप्टेंबर २००२मध्ये कॅनरी बेटांपाशी नौदलाचा सराव चालू असताना १४ चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागले. तपासलेल्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले. घाईने वर आलेल्या पाणबुड्यांना होतो, तसला प्रकार. २००४मध्ये स्पेनने तिथे सोनारवर बंदी घातली. पुढची अनेक वर्षं तिथे असा घोळकाच्या घोळका किनाऱ्याला लागला नाही. इतकं साधं!

एप्रिल २०२०मध्ये लॉकडाऊनमुळे आमचं आकाश जवळजवळ गप्प होतं. एका रात्री बाबांनी १९८२च्या संपात त्यांची गिरणी कशी सुटली, ते सांगायला घेतलं. ही गोष्ट मी लहानपणापासून अर्धीच ऐकत आलो होतो.

“अहो, हळू बोला,” आई म्हणाली, “विमान नाहीये आता.”

त्या रात्री गोष्ट पहिल्यांदा शेवटापर्यंत गेली. शेवटी बाबा रडले. असा शेवट आहे हे मला माहीतच नव्हतं.

२५ मेला विमानं पुन्हा सुरू झाली. जेवताना बाबांनी हात वर केला.