कुलाब्याचा नाताळ

मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्याच्या लष्करी वसाहतीनजीक, 'अफगाण चर्च' उभे आहे. १८३८ ते १८४३ च्या सिंध-अफगाण मोहिमांत पडलेल्या सैनिकांचे हे स्मारक. १८५८ साली त्याची प्रतिष्ठा झाली. आतील बाकांस बंदुका टेकविण्याकरिता खाचा आहेत. देवापुढेही शस्त्र जवळ हवे, हे पाहून मन चरकते! नाताळात अशा बाकांवर सैनिकांच्या स्त्रिया मुलांस घेऊन बसतात. घरधनी सीमेवर असल्यास शेजारची जागा रिती. तिकडे पलटणींत सणावारी 'बडा खाना' होतो, अधिकारी व जवान एकत्र जेवतात. (आपल्या पंक्तिभेदाची आठवण असणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.) इकडे मुले मात्र केक पुढ्यात ठेवून बापाच्या दूरध्वनीची वाट पाहत असतात.