उतरती बॅटरी

आमच्या घरी गाडी आली तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे मागितले आणि गाडीची बॅटरी उतरू लागली तेव्हा सल्ले दिले. पेढे आम्ही मोजून वाटले होते. सल्ले मात्र पायलीने आले.

तक्रार साधी होती. रविवारी गाडी ठणठणीत असायची. बुधवारी किल्ली फिरवली, की नुसते 'खट्'! उसने पैसे मागितल्यावर माणूस 'बघू' म्हणतो ना, तसे.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "मराठवाड्याचं ऊन बॅटरीला खातं." खरे आहे ते. पण महिना नोव्हेंबरचा होता. समोरचे काका म्हणाले, "तुम्ही गाडी चालवता तरी कुठं? रविवारी सिडकोतून क्रांती चौकात जायचं आणि परत यायचं. इंजिन चालू होताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतं. तेवढं पुन्हा भरायला गाडी पळायला नको?" हेही खरे होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "विकून टाका." या सल्ल्याला शास्त्राधार लागत नाही.

शेवटी एका दुकानदाराने जुन्या बॅटरीकडे स्मशानातल्या चेहऱ्याने पाहिले आणि नवी बसवली. मी पैसे मोजले. आठव्या दिवशी नव्या बॅटरीनेही 'खट्' केले. म्हणजे खाते नवे उघडले, पण गळती जुनीच!

याच सुमारास घरात दुसरे एक कोडे चालू होते. आमचे अण्णा ७८ वर्षांचे. मधुमेह जुना. दसऱ्यापासून त्यांची साखर चढू लागली. सौभाग्यवती भाकरीसुद्धा मोजून वाढत होत्या. अण्णा निमूट कारल्याची भाजी खात होते. रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसण्यापलीकडे त्यांना छंद नव्हता. तरी साखर वरच! डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस वाढवला.

एकदा अण्णांना सर्दी-खोकला झाला म्हणून दोन दिवस ते खाली उतरलेच नाहीत. दुसऱ्या रात्री अडीच वाजता त्यांच्या खोलीतून हाक आली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. सौभाग्यवतींनी साखरेचे पाणी पाजले. मी किल्ली घेऊन खाली धावलो.

'खट्.'

त्या रात्री त्या 'खट्'ला मी हसलो नाही. मास्तर आणि काका बनियनवर धावून आले. कुणी गाडीला धक्का दिला, कुणी नाक्यावरून रिक्षा आणली. दवाखान्यात अण्णा तासाभरात सावरले. डॉक्टर म्हणाले, "साखर फार उतरली होती. दोन महिने चढत होती, मग एकदम उतरली कशी?"

मी मनात म्हटले, डॉक्टरसाहेब, माझ्या घरी आणखी एक पेशंट याच दुखण्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी मोंढा नाक्याकडून एक मिस्त्री आणला. त्याने आधी गाडी दुसऱ्या बॅटरीवर चालू केली आणि मीटर लावला. १४ व्होल्ट. "अल्टरनेटर एकदम बढिया. बॅटरी नवीच आहे. साहेब, माल कुठंतरी झिरपतोय."

मग त्याने इंजिन बंद केले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला. दार उघडेच ठेवून त्याचे कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबले. गाडीला वाटावे, दार लागले. पंधरा मिनिटे आम्ही चहा प्यालो. गाडी झोपली, की घड्याळबिड्याळ मिळून २० ते ५० मिलिअँपिअर खाते, हे तो मला समजावत होता. मीटर दाखवत होता ४५०!

मग तो एकेक फ्यूज काढून मीटर बघू लागला आणि मला घरी आल्यासारखे वाटले. कॅश जुळली नाही, की बँकेत आम्ही हेच करतो. एकेक व्हाउचर उचलायचे. कुठले उचलल्यावर फरक मिटतो, ते बघायचे. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन ४० वर आला.

छतावरचा दिवा तर बंद होता. मिस्त्रीने फ्यूज परत लावला, आत वाकला आणि हाताने काचेवरचे ऊन अडवले. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणाभोवती उजेडाची बारीक रेघ होती. झाकण अडकलेले, पण पुरते बसलेले नव्हते. आत ५ वॉटचा दिवा अखंड तेवत होता. पाच वॉट म्हणजे साधारण ०.४ अँपिअर. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. साडेतीन दिवसांत पार कोरडी, आणि गाडी उचलण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते!

झाकण कशाने अडत होते? मिस्त्रीने कप्पा उघडला. कागदपत्रांच्या मागे कर्णपुऱ्याच्या जत्रेतला रेवड्यांचा भला मोठा पुडा कोंबलेला होता. दिव्याच्या उबेने रेवड्यांचा एकच गोळा झाला होता.

मी वर पाहिले. गॅलरीत अण्णा उभे होते. त्यांनी हळूच मान फिरवली.

हिशेब जुळला. रेवड्यांनी साखर चढली, साखरेने डोस चढला. दोन दिवस अण्णा खाली आले नाहीत, तेव्हा पोटात रेवडी गेली नाही, पण वाढीव गोळी गेली. आणि तेच दोन दिवस खाली दिवा जळत राहिला.

"अण्णा, का हो असं?"

"अरे, घरात सगळे मोजून वाढता. गाडीत कुणी मोजत नाही."

यावर मला उत्तर सुचले नाही. डॉक्टरांना मी सगळे सांगितले. ते आधी रागावले, मग हसले, मग डोस कमी केला. सौभाग्यवतींनी मोजणे सोडले नाही, पण आता त्या अण्णांना विचारून वाढतात.

दर रविवारी मी आणि अण्णा दौलताबादपर्यंत गाडी नेतो. बॅटरी भरते. रस्त्यावर पेरू घेतो, अर्धा त्यांना, अर्धा मला. परत आल्यावर मी कप्पा दाबून बघतो.

गेल्या रविवारी तो घट्ट बसला होता. तरी मी डिकी उघडून पाहिली. बँकेतली सवय, दुसरे काय!