परवाना राजाचा, सभा रयतेची

बॉस्टन

तीर्थरूप अण्णांस,


अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या जागा पाहायला आलेल्या माणसाला इथे आधी सभागृहं आणि चर्च दाखवतात. पण त्या काळची पत्रं आणि दप्तरं चाळली की पुन्हापुन्हा पत्ता सापडतो तो टॅव्हर्नचा. अण्णा, हे नुसते दारूचे गुत्ते नव्हते. वाटसरूला जेवण आणि अंथरूण, घोड्याला तबेला, टपालाची थैली, मोठ्याने वाचलं जाणारं वर्तमानपत्र, लिलाव, व्यापाऱ्यांचे हिशेब, हे सगळं एका छपराखाली चालायचं. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने तर १६५६ साली टॅव्हर्न न चालवणाऱ्या गावाला दंड ठेवला होता. शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला १६७३ पासूनचं ‘व्हाइट हॉर्स’ आहे. वसाहतीचं स्वतःचं सभागृह बांधून होईपर्यंत तिथली विधानसभा आणि फौजदारी न्यायालय त्याच टॅव्हर्नमध्ये भरत असे.

बॉस्टनमधलं सगळ्यात गाजलेलं टॅव्हर्न ‘ग्रीन ड्रॅगन’. मूळ इमारत केव्हाच पाडली गेली. आज त्या नावाने चालतं ते दुसऱ्या जागेवरचं. १७६४ साली सेंट अँड्र्यूज लॉज या फ्रीमेसन मंडळीने ती इमारत विकत घेतली होती. चांदीकाम करणारा पॉल रिव्हिअर आणि डॉक्टर जोसेफ वॉरन हे दोघेही त्या लॉजचे सभासद. रिव्हिअरने पुढे १७९८ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं आहे की, १७७४-७५ च्या हिवाळ्यात तीसेक माणसं, बहुतेक कारागीर, इंग्रज सैन्याच्या हालचालींवर पाळत ठेवायला एकत्र आली आणि ती ग्रीन ड्रॅगनमध्ये भेटत. प्रत्येक बैठकीला बायबलवर हात ठेवून शपथ व्हायची: इथलं बोलणं हॅनकॉक, अ‍ॅडम्स, वॉरन, चर्च हे पुढारी आणि आणखी एकदोघांपलीकडे जाणार नाही. तरीही बैठकीतलं बोलणं इंग्रज सेनापतीच्या कानावर जात होतं, कारण त्या विश्वासू नावांतलाच डॉक्टर बेंजामिन चर्च फितूर होता. वकील आणि जमीनदारांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. रात्रीच्या थंडीत आळीपाळीने रस्त्यांवर गस्त घालणारे हे कारागीर मात्र बहुतेक बिननावीच राहिले.

लेक्सिंग्टनचं ‘बकमन टॅव्हर्न’ मात्र अजून उभं आहे, साधारण १७१० च्या सुमाराचं. समोरच चर्चची जागा. चर्चमध्ये शेकोटी नसायची, त्यामुळे रविवारी सकाळच्या आणि दुपारच्या प्रार्थनेच्या मधल्या वेळात माणसं इथे ऊब घ्यायला येत. फ्लिप नावाचं पेय तेव्हा घरोघरच्या माहितीचं होतं: बिअर, रम आणि साखर एकत्र करायची आणि त्यात लाल तापवलेली लोखंडी सळई बुडवायची. १९ एप्रिल १७७५ च्या मध्यरात्रीनंतर इंग्रज फौज येत असल्याचा रिव्हिअरचा इशारा आला तेव्हा कॅप्टन जॉन पार्करने गावची माणसं जमवली, पण फौजेचा पत्ता नव्हता. काही घरी परतले, बाकीचे बकमनमध्ये थांबले. पहाटे फौज आल्याचा नगारा वाजला आणि ते समोरच्या हिरवळीवर उभे राहिले. चकमकीत त्यांच्यातले आठ जण मारले गेले.

अण्णा, तुम्ही पेशवाईच्या बखरी वाचता म्हणून एक तारीख जोडून सांगावीशी वाटते. त्याच वर्षी मार्चमध्ये राघोबादादा आणि कंपनीचं मुंबई सरकार यांच्यात सुरतेचा तह झाला. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात बुडाला, तीच कंपनी दीड वर्षाच्या आत साष्टी आणि वसई मागत पुण्याच्या कारभारात उतरली होती.

न्यूयॉर्क

ती. अण्णा,

पर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, उंच काचेच्या इमारतींच्या मध्ये, पिवळसर-लाल विटांचं ‘फ्रॉन्सेस टॅव्हर्न’ आहे. १७१९ साली घर म्हणून बांधलेलं. सॅम्युएल फ्रॉन्सेसने १७६२ मध्ये विकत घेऊन तिथे ‘क्वीन्स हेड’ सुरू केलं. न्यूयॉर्कचं चेंबर ऑफ कॉमर्स १७६८ मध्ये इथेच स्थापन झालं. वरच्या मजल्यावरच्या लाँग रूममध्ये ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला, आणि लोक येतात ते तीच खोली पाहायला. सध्याची वास्तू बरीचशी १९०७ च्या जीर्णोद्धाराची आहे, तरी जागा तीच.

पण त्याच वर्षी याच छपराखाली दुसरंही एक काम चाललं होतं, आणि ते जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. युद्धात इंग्रजांनी स्वातंत्र्याचं वचन दिलं म्हणून हजारो कृष्णवर्णीय गुलाम मालकांना सोडून त्यांच्या बाजूला आले होते. युद्ध संपवणारा तह झाल्यावर अमेरिकन मालक त्यांना परत मागू लागले. इंग्रज सेनापती गाय कार्लटनने नकार दिला. मग मे ते नोव्हेंबर १७८३ या काळात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये दर आठवड्याला बसून वादातले दावे ऐकत. कोण मोकळा, कोण परत जाणार, हे त्या टेबलावर ठरायचं. जहाजांवर चढलेल्या सुमारे तीन हजार जणांची नावं, वय आणि जुन्या मालकाचं नाव एका वहीत लिहिलं गेलं. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टनही आहे: खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावरून पळालेला. धनी लाँग रूममध्ये निरोपाचा प्याला उचलत होता त्याच्या काही महिने आधीच हॅरीचं जहाज नोव्हा स्कोशियाकडे निघून गेलं होतं.

याच शहरात १७४१ साली जॉन ह्यूसनच्या टॅव्हर्नमध्ये गुलाम आणि गरीब गोरे एकत्र बसतात, पितात, यावरून केवढं रामायण घडलं! शहरात आगी लागल्या, कटाचा बोभाटा झाला; ३० कृष्णवर्णीयांना आणि ह्यूसन धरून चार गोऱ्यांना मृत्युदंड दिला गेला, त्यांतल्या १३ जणांना जिवंत जाळून. प्रतिष्ठितांनी टॅव्हर्नमध्ये जमणं म्हणजे विचारविनिमय आणि गुलामांनी जमणं म्हणजे कट, असा तो न्याय होता.

फिलाडेल्फिया

ती. अण्णा,

इथलं पत्र छोटं. ‘सिटी टॅव्हर्न’ १७७३ मध्ये शहरातल्या धनिकांनी वर्गणी काढून उभारलं. ५ सप्टेंबर १७७४ ला पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे प्रतिनिधी तिथे जमले आणि तिथून पायी कार्पेंटर्स हॉलकडे गेले. जुनी इमारत १८५४ मध्ये पाडली. १९७६ साली, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, तिची प्रतिकृती उभी राहिली. त्यातलं उपाहारगृह २०२० मध्ये बंद झालं.

विल्यम्सबर्ग

ती. अण्णा,

व्हर्जिनियाच्या या जुन्या राजधानीत टॅव्हर्नचा कारभार नीट समजतो. परवाना कौंटी कोर्ट देणार. जेवणाचा, बिछान्याचा, दारूच्या मापाचा, घोड्याच्या दाण्याचा दर कोर्टच ठरवणार, आणि ते दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावायचं. नोकराला किंवा गुलामाला मालकाच्या परवानगीशिवाय दारू द्यायची नाही. म्हणजे हा धंदा पुरता सरकारच्या मुठीत होता. म्हणूनच पुढे जे घडलं ते विलक्षण वाटतं.

मे १७६९ मध्ये गव्हर्नर बोटेटॉर्टने व्हर्जिनियाचं प्रतिनिधीगृह बरखास्त केलं, कारण प्रतिनिधींनी करांविरुद्ध ठराव केले होते. ते उठले आणि त्याच रस्त्यावरच्या ‘रॅले टॅव्हर्न’मध्ये शिरले. तिथल्या अपोलो रूममध्ये, जिथे एरवी नाच व्हायचे, त्यांनी इंग्रजी मालावरच्या बहिष्काराचा करार केला. पाच वर्षांनी गव्हर्नर डनमोरनेही तेच केलं आणि प्रतिनिधींनीही तेच. २७ मे १७७४ ला ८९ जणांनी रॅलेमध्ये सह्या केल्या आणि सर्व वसाहतींची परिषद दरवर्षी भरावी असं सुचवलं. त्याच संध्याकाळी याच प्रतिनिधींनी डनमोरच्या पत्नीच्या सन्मानार्थ ठरलेला नाचाचा समारंभही पार पाडला! बरखास्तीचा हुकूम सभागृहापुरता चालला. माणसं आणि त्यांची मतं त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या खोलीत तशीच बसली.

रॅले १८५९ मध्ये जळालं आणि पायाच्या खुणांवरून, जुन्या चित्रावरून पुन्हा बांधून १९३२ मध्ये खुलं झालं. याच रॅलेच्या पायऱ्यांवर माणसांचे लिलाव व्हायचे. आत हक्कांचा मसुदा आणि बाहेर विक्री, दोन्ही एकाच घराच्या इतिहासात आहे, आणि एक सांगून दुसरं गाळणं बरं नव्हे.

जवळच जेन व्होब नावाच्या बाईंचं ‘किंग्ज आर्म्स’ होतं. बाई स्वतःच्या नावावर परवाना घेऊन टॅव्हर्न चालवत, हे त्या काळात अगदी दुर्मीळ नव्हतं. या जेनबाईंकडे गोवन पॅम्फ्लेट नावाचा गुलाम होता. मेजावर थाळ्या मांडणारा हा माणूस गावाबाहेर कृष्णवर्णीयांसमोर बायबलवर प्रवचनं देऊ लागला. गुलामांनी असं जमणं धोक्याचं होतं, तरी त्याची मंडळी वाढत गेली. १७९३ साली तो कायद्याने मुक्त झाला, आणि त्याच वर्षी डोव्हर बॅप्टिस्ट असोसिएशनने त्याच्या मंडळीला सामावून घेतलं. त्या मंडळीचं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च विल्यम्सबर्गमध्ये आजही चालू आहे, आणि तिथले लोक गोवनचं नाव आपल्या पहिल्या पाळकांत घेतात.

आईला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची लेक