लांकडी फळें

सावंतवाडी १९८१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतून निघून सिंधुदुर्गांत गेली. पण आम्हां रत्नागिरीकरांच्या कांचेच्या कपाटांतील लांकडी आंबा अजून तिथल्या चितारआळीचाच असतो. रुखवतांत मांडावयास, भाचीच्या भातुकलीस, त्याहून सोईची भेट आम्हांला सुचत नाहीं.

भाव करतांना मात्र आपण त्याला नुसतें लांकूड समजतों. वास्तविक लांकूड कांतून गोलाई आणणें हें निम्मेंही काम नव्हे. भेगा बुजवाव्या, घासून अंग गुळगुळीत करावें, आणि मग देठाशीं हिरवा, पोटाकडे पिवळा, खांद्यावर किंचित् तांबूस असा रंग एकांतून दुसर्‍यांत विरवीत न्यावा, कीं सांधा दिसूं नये. एकशेंवीस पानांची दशावतारी गंजिफा रंगविणारा तो हाच चितार्‍यांचा कुंचला. गंजिफा खेळणारे विरळ झाले, तेव्हां शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं त्या कलेला राजवाड्यांत आश्रय देऊन ती जगविली. आळींतल्या दुकानदाराचे राजे म्हणजे आपण. आणि आपण त्याला साच्यांतून पडलेल्या प्लॅस्टिकच्या आंब्याची किंमत ऐकवतों!

"मुलगा हें शिकला का?" असें मीं तेथील एका कारागिरास विचारलें.

"शिकला. गोव्यांत नोकरीला असतो. चतुर्थीला आला म्हणजे बसतो," तो म्हणाला, आणि फणसाचे कांटे रंगवितां रंगवितां पुढें बोलला, "हात माझ्यापेक्षां चांगला आहे त्याचा."